त्रेचाळीस पोचपावत्या

प्रिय घडीवाली,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर ठरव. दुसऱ्या नावांनी सुरुवात करून पाहिली, पण कुणा परक्या बाईला अर्ज लिहायला बसल्यासारखं वाटायला लागलं. त्यात चार कागद वाया गेले, आणि कागद वाया घालवणं हे आमच्याकडे केवढं पाप, ते तुला सांगायला नको. तुझी आई कटिंगला पडलेल्या पट्ट्यासुद्धा गोळा करून, टाके घालून, त्यांच्या चिमुकल्या वह्या करायची. "आमच्याकडे" वाचून थबकू नकोस. मी हल्ली तुझ्या आईच्याच संस्थेत आहे. पुस्तकबांधणी कामगारांची सहकारी संस्था, तोच अरुंद जिना, तोच खळीचा आंबट वास, आणि भिंतीवरचं तेच घड्याळ, जे दुपारी दोनला दमतं आणि कुणीतरी टिचकी मारली की पुन्हा चालू लागतं. मी तिथे कारकून आहे. मामा संस्थेचे अध्यक्ष, त्यांनीच चिकटवलं. जिथे दिवसभर चिकटवायचंच काम चालतं तिथे एक भाचा चिकटवणं काय अवघड, असं आमची ताई म्हणाली.

आपलं बिनसलं त्याच महिन्यात मी कॉलेज सोडलं, हे तुला कळलं असेलच. नोटीस बोर्डाची काच मी फोडली हेही. शेवटच्या वर्षाचे पाच महिने राहिले होते. प्राचार्य तसे बरे होते, तीनदा निरोप पाठवला की दोन ओळींचं माफीपत्र दे आणि परीक्षेला बस. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट भणभणत होती, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की बाकीच्यांना तिथे पाय ठेवायला जागा राहत नाही, हे तू मला फार आधी सांगितलं होतंस. काडेपेटी हे नाव तूच ठेवलंस. नुसती घासली तरी पेटते, आणि आधी स्वतःचंच टोक जाळते, असं त्याचं स्पष्टीकरणही वर दिलं होतंस. मला त्याचा राग आला होता. म्हणजे तुझं खरंच होतं.

आता कारखान्यासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली आहे. एक खाट, एक खुर्ची, एक खिडकी. पाहुणा आला तर त्याने खुर्चीवर बसायचं आणि मी खाटेवर, अशी व्यवस्था ठरलेली आहे. आतापर्यंत ती वापरायची वेळ एकदाच आली, विजेचं मीटर वाचणारा माणूस जिना चढून दमला होता तेव्हा. रविवारी दिवसभरात माझा आवाज मला एकदाच ऐकू येतो, खाली दुकानात पाव मागताना. एकदा तर तो इतका घोगरा निघाला की दुकानदाराने विचारलं, बरं नाही का. बरा होतो. आवाज वापरात नव्हता, इतकंच. जुने मित्र नोकऱ्यांना लागून पांगले. एकाचं लग्न झालं, पत्रिका आली, मी गेलो नाही. खिडकीतून कारखान्याचं घडीचं टेबल दिसतं. त्याच्या उजव्या टोकाला तुझी आई बसायची ती जागा अजून कुणी घेत नाही. नवीन मुलगी येते, बसायला जाते, आणि शेजारच्या दोघीतिघी न बोलता जराशा सरकून तिला मधे जागा करून देतात.

तुझी मावशी त्या टेबलावर सगळ्यात जुनी आहे आता. सुरुवातीला तीन महिने माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मी फाइल घेऊन गेलो की घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीने कागदावर अशी काही रेघ ओढायच्या की वाटावं, कागदाच्या जागी माझं नाक असतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटतंय. मी मान खाली घालून परत यायचो. त्यांची घडी पाहिली की मला वर्गातली तू आठवायचीस. बसचं तिकीट, चिठ्ठी, बिस्किटाचा कागद, हातात येईल ते अंगठ्याच्या नखाने दाबून तीनदा दुमडायचीस. मला एकदा शिकवलं होतंस, तीन घड्या म्हणजे सोळा पानं, आणि पहिली घडी चुकली की पुढच्या दोन कितीही नीट घातल्या तरी पुस्तक तिरकंच होतं. मी म्हणालो होतो, एवढं कोण बघतं. तू म्हणाली होतीस, वाचणारा बघतो.

असो. मुद्द्यावर येतो. तुझ्यासमोर असतो तर आतापर्यंत तू मला "पुढे" म्हणाली असतीस.

यंदा संस्थेची निवडणूक आहे. गेल्या वेळी मामा सहा मतांनी निवडून आले होते, आणि सहा हा आकडा त्यांच्या मनात कुसळासारखा रुतलेला आहे. त्यात दरवर्षी वार्षिक सभेला पुरेशी माणसं जमत नाहीत. सभा अर्धा तास तहकूब करायची, सगळ्यांनी खाली जाऊन चहा घ्यायचा, आणि वर येऊन तीच सभा पुन्हा भरवायची, हा दरवर्षीचा खेळ. मामांचं म्हणणं असं, की यादीत जी माणसं आहेत ती कारखान्यात नाहीत आणि कारखान्यात जी आहेत ती यादीत अर्धीसुद्धा भरत नाहीत. जी गेली त्यांनी इथे राहिलेल्यांचं का ठरवायचं. हे म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, आजही पूर्ण चूक वाटत नाही. आमच्या पोटनियमातही तसं लिहिलं आहे. लागोपाठ तीन वार्षिक सभांना गैरहजर, आणि तीन वर्षांत एकही दिवस संस्थेचं काम नाही, असा सभासद निष्क्रिय समजावा आणि त्याचं नाव मतदार यादीतून कमी करावं. मात्र आधी त्याला नोटीस पोचली पाहिजे, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. एवढी एकच "मात्र" आहे त्या नियमात. समितीने यादी काढली, त्रेचाळीस नावं निघाली. मी रजा घेऊन घरी पडलो होतो, ताप होता, तेवढ्या दिवसांत मामांनी बाहेरच्या टंकलेखकाकडून नोटिसा करवून घेतल्या आणि रजिस्टर पोस्टाने टाकल्याही.

आता यातली गोम ऐक. ही गोम आमच्याच संस्थेत होऊ शकते. संस्था निघाली तेव्हा सगळेच भाड्याच्या खोल्यांतून राहणारे. आज इथे, सहा महिन्यांनी तिथे. पत्रं हरवायची. म्हणून पहिल्या अध्यक्षांनी लाकडी खणांचं ते मोठं कपाट करवून घेतलं, प्रत्येक सभासदाला एक खण, आणि सगळ्यांनी आपला पत्ता म्हणून कारखान्याचाच पत्ता लिहायचा असं ठरलं. कामावर आलं की आधी आपला खण बघायचा, मग हात धुऊन टेबलावर. पुढे लोकांची घरं झाली, पोरं मोठी झाली, कितीजण काम सोडून गेले, पण सभासदांच्या नोंदवहीतले पत्ते कुणी बदलले नाहीत. तुला तो खण आठवत असेल. आई गेल्यावर तिचा संस्थेतला भाग, म्हणजे सभासदत्व, तुझ्या नावावर करायला तू आलीस, तेव्हा मी खाली रस्त्यावर तुझी पिशवी धरून उभा होतो. वरून उतरलीस आणि रडवेल्या तोंडाने हसत म्हणालीस, आईचा खण मला मिळाला, एकशे बारा. पत्ता काय लिहिलास विचारलं तर म्हणालीस, तिने लिहिला होता तोच.

तर मी तापातून उठून कामावर आलो, त्याच सकाळी पोस्टमन आला. त्याच्याकडे रजिस्टर पत्रांचा हा एवढा गठ्ठा. पत्ता एकच. तो म्हणाला, साहेब, एवढी पत्रं तर मंत्र्यालाही येत नाहीत, सह्या करा पटापट, अजून अर्धी गल्ली बाकी आहे. तो पावत्या एकापाठोपाठ एक सरकवत होता आणि मी सह्या करत होतो. वाचलं नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात आमचाच शिक्का होता तोही पाहिला नाही. मधेच त्याने बोटाला थुंकी लावली आणि म्हणाला, सही छान आहे तुमची, एकदम अधिकाऱ्यासारखी. मी खूश झालो. सही आणखी लांब केली. त्रेचाळीस वेळा मी लिहून दिलं की ही नोटीस ज्याला पोचायची त्याला पोचली. आणि मग तापाच्या उरलेल्या गुंगीत, नावं न वाचता नुसते आकडे जुळवत, प्रत्येक पाकीट ज्याच्या त्याच्या खणात नीट सरकवून ठेवलं, ज्या खणांत वर्षानुवर्षं धुळीशिवाय काहीही आलं नव्हतं.

आठ दिवसांनी पावत्या कार्यालयात परत आल्या. मामा म्हणाले, फाइलला लाव, सगळ्यांना पोचल्या, पंधरा दिवसांत कुणाचं काही म्हणणं आलं नाही तर नावं कमी. मी एकेक पावती उलटी करून लावायला घेतली. पहिल्या दोन-तीन सह्या पाहून वाटलं, कुणीतरी माझ्यासारखीच सही करतंय. मग कळलं, ती माझीच होती. एका पावतीशी मी बराच वेळ थांबलो. ती हातातून सुटेना. उठलो आणि सरळ मामांच्या टेबलाशी जाऊन ओरडायला लागलो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही, तुला कल्पना आहे. दरोडा हा शब्द दोनदा आला. मामा शांतपणे चष्मा पुसत होते. म्हणाले, आधी सही करायची आणि मग बोंब मारायची, ही चांगली रीत आहे. नोंदलेल्या पत्त्यावर पाठवली, सही करून घेतली गेली, नियमात यापेक्षा जास्त काय लिहिलंय ते दाखव. मला दाखवता आलं नाही. म्हणून मी नोकरी सोडली. म्हणजे तसं ओरडून सांगितलं, किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि निघालो.

घडीच्या टेबलापुढून जाताना तुझ्या मावशींनी मान वर न करता विचारलं, चाललास का. तीन महिन्यांतलं ते माझ्याशी पहिलं वाक्य. मी म्हणालो, हो, इथे राहण्यात अर्थ नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, मागेही एकदा असाच गेला होतास, सगळ्यांना दोषी ठरवून, कुणाला न विचारता. मग हातातला ताव बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तू गेलास की हे त्रेचाळीस कोण बघणार, मी का, मला धड वाचता येत नाही. मी जिन्यात किती वेळ उभा होतो कोण जाणे. भिंतीवरचं घड्याळ दोनला बंद पडलं, म्हणून आठवतं, की दोन वाजले होते. वर गेलो. किल्ल्या टेबलावरच होत्या. मामांनी त्यांना हात लावला नव्हता.

हरकतीचा अर्ज लिहायला मला तीन दिवस लागले. पहिला मसुदा मी मावशींना जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवला. म्हणाल्या, यातली शिवी काढ. म्हटलं, ही शिवी नाही, विशेषण आहे. म्हणाल्या, मग विशेषण काढ. दुसऱ्या दिवशी आणखी दोन काढायला लावली. तिसऱ्या दिवशी अर्ज इतका बारका झाला की मला लाज वाटली. त्यात उरलं होतं ते इतकंच, की नोटिसा त्रेचाळीस गेल्या, संस्थेने पाठवल्या, संस्थेलाच पोचल्या, घेणारा मी, आणि ज्यांना त्या होत्या त्यांतल्या एकालाही यातलं काही ठाऊक नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं थंड काही लिहिलं नव्हतं.

सुनावणीला निवडणूक अधिकारी म्हणून एक मॅडम आल्या. सर्दीने बेजार, एका हातात रुमाल, आणि फाइल बघायची पद्धत अशी की जणू भाजीतले खडे निवडतायत. मामांनी पावत्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी सात-आठ पावत्या उलटल्या आणि विचारलं, या त्रेचाळीस जणांचं अक्षर एकसारखं कसं हो. मामा म्हणाले, नोंदलेला पत्ता कार्यालयाचा आहे, म्हणून कार्यालयाने घेतल्या. त्या म्हणाल्या, म्हणजे संस्थेने संस्थेला विचारलं, आणि संस्थेने संस्थेला सांगितलं की कुणाचं काही म्हणणं नाही. मागे बसलेल्या बायका हसल्या. मग त्यांनी विचारलं, सही कुणाची. मी उभा राहिलो. माझी, म्हटलं. वाचून केली होती का? नाही. कुणी दमदाटी केली? नाही. मग का केली? मी म्हणालो, पोस्टमनला घाई होती. पुन्हा सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. मामा हट्टाने म्हणाले, नियमात नोंदलेला पत्ता असंच आहे. त्या म्हणाल्या, आहे ना, पण पत्ता हा माणूस सापडावा म्हणून असतो, माणूस चुकवावा म्हणून नाही. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. कुणाचंही नाव तूर्त कमी होणार नाही. प्रत्येकाला तो राहतो तिथे पुन्हा नोटीस द्यायची, एकवीस दिवसांची मुदत द्यायची, म्हणणं लेखी किंवा तोंडी घ्यायचं, कुणी वारले असतील तर वारसांना कळवायचं. सापडला नाही असं लिहायचं असेल तर कुठे कुठे शोधलं तेही लिहायचं. आणि शोधणार कोण, असं मामांनी विचारल्यावर त्यांनी रुमालातूनच माझ्याकडे बोट केलं.

मामा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सायकलची किल्ली माझ्या टेबलावर होती. म्हणाले, पायी किती तंगडतोड करशील. आणि जाता जाता, मी चोर नाही रे. मी म्हणालो, माहीत आहे. हे वाक्य मी आठवडाभर आधी म्हणू शकलो असतो.

मग मी माणसं शोधत फिरलो. नऊजण वारले होते. त्यांच्या घरी जायचं आणि म्हणायचं की तुमच्या वडिलांनी तीन सभा चुकवल्या, हे किती अवघड असतं ते कुणी सांगत नाही. एका बाईने दार उघडलं, संस्थेचा शिक्का पाहिला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, कामाला बोलावलंय का. मी पाकीट मागे घेऊ का पुढे करू, मला कळेना. एक जुने कटिंगवाले काका आहेत, मुलीच्या घरात मागच्या खोलीत असतात, दोन्ही डोळे गेले आहेत. मी नोटीस हातात दिली तर त्यांनी आधी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, हा सरळ कापलेला नाही, मशीनवर कोण आहे आता. मग नोटीस दोनदा वाचून घेतली. म्हणाले, नाव काढून टाका माझं, उमेदवारांची तोंडंसुद्धा मला दिसायची नाहीत. मी लिहून घेतलं. उठायला लागलो तर माझं मनगट धरलं आणि म्हणाले, बस की, म्हणणं ऐकायला आलास ना. आणि तासभर बोलत राहिले. संस्थेच्या पहिल्या पुस्तकापासून मुलीच्या नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत. फॉर्मवर सभासदाचे म्हणणे या शीर्षकाखाली तीन रेघा असतात, त्यांत यातलं काहीच बसलं नाही. निघताना म्हणाले, लेका, काढायचं तर काढा, पण कुणीतरी जिना चढून विचारायला आलं हे बरं झालं. खाली आलो आणि सायकलचं कुलूप उघडेना. डोळे भरले होते, म्हणून.

कारण एवढे जिने चढून, एवढ्या दारांत उभं राहून मला एकच दार सारखं आठवत होतं, आणि त्या दारात मी बाहेर नव्हतो, आत होतो. तीन वर्षांपूर्वी बसथांब्यावर मी तुला एका चष्मेवाल्याबरोबर पाहिलं. तुझी ट्रंक त्याच्या हातात होती. मी रस्ता ओलांडून पाच पावलं आलो असतो तर विचारता आलं असतं. मी घरी गेलो, तुझ्या मैत्रिणीच्या हाती एका ओळीची चिठ्ठी पाठवली, माझ्यापुरती तू संपलीस. दुसऱ्या दिवशी तू आमच्याकडे आलीस. मी ताईला सांगितलं, घरी नाही म्हण. ताईने नाही म्हटलं. मी पडद्याआडून बघत होतो. माझे बूट दारातच होते. तू ताईकडे पाहिलं नाहीस, बुटांकडे पाहिलंस, आणि हातातला कुठलातरी कागद दुमडत उभी राहिलीस. एक घडी, दोन, तीन. मग तो कागद पर्समध्ये ठेवलास आणि जिना उतरलीस. त्या कागदावर काय होतं ते मला माहीत नाही. तो चष्मेवाला कोण होता तेही मला आजतागायत माहीत नाही. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, तीन वर्षांनी आठवलं का, तिचं तिला विचार. कदाचित तो कुणीच नसेल. कदाचित खरंच कुणीतरी असेल, आणि तू ते मला सांगायलाच आली असशील. दोन्हींत माझं वागणं तेच राहतं.

बेचाळीस जणांचा हिशेब लागला. त्यांतल्या दोघांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, तसं कुठे कुठे विचारलं त्यासकट लिहून दिलं. उरली ती एक पावती, जिच्याशी मी थांबलो होतो. खण एकशे बारा. तुझ्या नावापुढे तुझ्या वतीने माझी लांबलचक, अधिकाऱ्यासारखी सही. तुला पुन्हा एकदा, तुला न सांगता, मीच निकालात काढलं होतं, आणि या वेळी तर रागसुद्धा नव्हता. मावशींकडे पत्ता मागितला तेव्हा त्यांनी खूप वेळ कागद दुमडले. मग म्हणाल्या, देते, पण संस्थेच्या कामापुरता, त्याच्या आडून दुसरं काही नाही. मी मान डोलावली, पत्ता लिहून घेतला, आणि चार दिवसांनी पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. विचारलं, नोटिशीबरोबर माझं एक पत्र घातलं तर चालेल का. नाही म्हणालात तर घालत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पहिल्यांदाच नीट घडी घातली आहे. म्हणाल्या, पाकीट वेगळं कर, बाहेर तुझं नाव लिही, उघडायचं की नाही ते तिचं ती बघेल.

म्हणून हे पत्र. उघडलंस म्हणून इथवर पोचलीस, नाहीतर ते तसंच फाडलं असतंस तरी तक्रार नव्हती. वरच्या पाकिटातली नोटीस मात्र वाच. पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी अकराला सुनावणी आहे. ये, किंवा लिहून पाठव, किंवा काढून टाका म्हण. आईचा खण ठेवायचा की सोडायचा हे तूच ठरवायचं आहेस. त्यावरची धूळ मी पुसत असतो, पण त्याचा दबाव घेऊ नकोस, मी सगळेच पुसतो. मी माझ्यासाठी परत ये म्हणत नाही. तेवढं मागायला जे तोंड लागतं ते मी पडद्याआड ठेवून आलो आहे. पण माझ्याबद्दलही तुझं काही म्हणणं असेल, तीन वर्षं दुमडून ठेवलेलं, तर फॉर्मवरच्या तीन रेघा पुरणार नाहीत. मागची बाजू कोरी आहे. आणि तेही नको असेल तर एवढंच कर. पोस्टमनला कितीही घाई असली तरी त्याला दारात थांबव, पाकिटावरचं नाव वाच, आणि पोचपावतीवर सही तू स्वतःच्या हाताने कर, शेजारणीला करू देऊ नकोस. तू काही लिहिलं नाहीस तरी ती पावती फिरून इथेच येईल, आणि फाइलला लागायच्या आधी एक दिवस माझ्या टेबलावर राहील. खरं सांगायचं तर हे एवढं लांबण मी त्या एका दिवसासाठीच लावलं.

तू उघडून पाहिलंस तर तुझाच,

काडेपेटी